बटाट्याचे तीन ढीग: मंडईतील एका गाळ्याचा अनुभव

यंदा नवरात्रात दुसऱ्या माळेच्या दिवशी मी उपासासाठी दह्यातली बटाट्याची कोशिंबीर केली. दही आदल्या रात्री घरी विरजलेले आणि बेताचे आंबट होते, दाण्याचे कूट त्याच दिवशी केलेले होते आणि फोडणी साजूक तुपात जिरे व हिरव्या मिरचीची होती. या कोशिंबिरीत मी एरवी चिमूटभर साखर घालते. त्या दिवशी ती गडबडीत राहून गेली. तरीही पहिला घास घेतल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आज साखर जरा सढळ हाताने पडली का गं?" मी चव घेऊन पाहिली, तर त्यांचे म्हणणे खरे होते. साखर न घालताही कोशिंबीर गोडमिट्ट लागत होती, आणि ती गोडी मसाल्याची नव्हती की दह्याची नव्हती, ती बटाट्याचीच होती.

तो बटाटा मी घराजवळच्या एका दुकानातून, भाव विचारून आणि बाकी काहीही न विचारता आणला होता. कांदे-बटाटे आपण बहुतेक सगळे असेच आणतो. आंबा घेताना हापूस की पायरी, तांदूळ घेताना आंबेमोहोर की कोलम, असे विचारणारी माणसे बटाट्याच्या बाबतीत मात्र फक्त "कसे दिले?" एवढेच विचारतात, त्यानंतर पदार्थ बिघडला की दोष फोडणीला, मिठाला किंवा करणाऱ्याच्या हाताला दिला जातो. माझेही तसेच चालले होते. त्या कोशिंबिरीनंतर शेजारणीने मंडईतल्या एका गाळ्याचे नाव सुचवले आणि पाचव्या माळेला मी तिथे गेले. त्या गाळ्याविषयी आणि तिथून आणलेल्या तीन प्रकारच्या बटाट्यांविषयी हे सविस्तर लिहीत आहे.

मंडईच्या मागच्या अंगाला, लसूण-आल्याच्या ओळीत हा गाळा आहे. जागा जेमतेम दहा फूट रुंद असेल. पुढे कांद्याचे दोन ढीग, मागे गोणपाटावर बटाट्याचे तीन, आणि त्या तिन्हींवर खडूने लिहिलेल्या पाट्या: "नवा मंचर", "आग्रा स्टोअर", "वेफरचा". मला या पाट्यांचेच प्रथम अप्रूप वाटले, कारण "स्टोअर" म्हणजे शीतगृहातला माल, ही गोष्ट बहुतेक विक्रेते आपण होऊन सांगत नाहीत. गाळेवाले गृहस्थ साठीचे आहेत. मी दोन किलो बटाटे मागितले, तेव्हा त्यांनी तराजूकडे हात नेण्याआधी विचारले, "ताई, करायचं काय आहे?" मी कोशिंबीर म्हणताच त्यांनी पहिल्या ढिगाकडे बोट केले आणि म्हणाले, "मग हा न्या. वडे असते तर तो दिला असता. हा वड्यात चिकट होईल, आणि तो कोशिंबिरीत विरघळेल." मी तिन्ही ढिगांतले दोन-दोन किलो घेतले. नव्या बटाट्याचा भाव मधला होता, आग्र्याचा त्याहून थोडा कमी, आणि वेफरचा बटाटा आग्र्याहून किलोमागे दहा रुपयांनी महाग होता.

या तीन पाट्यांमागे काय आहे, ते समजून घेतल्याशिवाय त्या भावफरकाचा अर्थ लागत नाही. उत्तर भारतातला बटाटा हिवाळ्यात वाढतो आणि साधारण जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत काढला जातो. त्यातला मोठा हिस्सा आग्रा, फर्रुखाबाद या पट्ट्यातल्या शीतगृहांत जातो आणि तिथून नोव्हेंबरपर्यंत हप्त्याहप्त्याने बाहेर पडत राहतो. तिथले तापमान सामान्यतः 2 ते 4 अंश सेल्सिअस ठेवतात, कारण एवढ्या थंडीत बटाट्याला कोंब फुटत नाहीत. मात्र त्याच थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची हळूहळू साखर होऊ लागते, आणि नवरात्रापर्यंत सहा-सात महिने थंडीत काढलेला बटाटा जिभेला गोड लागेल इतका बदललेला असतो. वेफर तयार करणाऱ्यांना ही साखर मुळीच चालत नाही, कारण तळताना तीच करपते आणि वेफर तपकिरी होतात. म्हणून त्यांच्यासाठीचा बटाटा 10 ते 12 अंशांवर ठेवतात आणि कोंब रोखण्यासाठी वेगळी प्रक्रिया करतात. गाळ्यावरचा महाग ढीग अशाच मालाचा होता.

उरला नवा मंचर. महाराष्ट्रात बटाट्याचे पीक पावसाळ्यातही घेतात, आणि पुणे जिल्ह्यातला आंबेगाव तालुका (मंचर ही तिथलीच बाजारपेठ), त्यातही सातगाव पठार, या खरिपाच्या बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. जूनमध्ये लागवड झालेला हा बटाटा ऑगस्टच्या अखेरीपासून निघू लागतो, म्हणजे नेमका गणपती ते नवरात्र या काळात, जेव्हा उत्तरेकडचा बहुतेक माल शीतगृहातलाच असतो. घराघरांत सर्वांत जास्त उपास होतात त्याच दिवसांत घरच्या जिल्ह्यातला ताजा बटाटा बाजारात असतो आणि तरीही आपण सहा महिन्यांचा थंड बटाटा उचलून आणतो, ही गोष्ट मला या गाळ्यावर उभी राहीपर्यंत ठाऊक नव्हती.

जातींची नावे मात्र गाळेवाल्यांनी सांगितली नाहीत. ते गावाच्या नावानेच बटाटा ओळखतात. "ज्योती" आणि "पुखराज" ही दोन नावे मी आग्रहाने विचारली तेव्हा त्यांनी मान डोलावली, पण ढिगातला कोणता बटाटा कोणता, हे सांगायला ते तयार झाले नाहीत, आणि मला ते प्रामाणिकपणाचे वाटले. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने तयार केलेल्या बहुतेक जातींच्या नावाआधी "कुफरी" हा शब्द असतो, कारण सिमल्याजवळच्या कुफरी या ठिकाणी त्यांचे पैदास केंद्र आहे. कुफरी ज्योती 1968 मधली, कुफरी पुखराज आणि वेफरसाठी काढलेली कुफरी चिप्सोना-1 या दोन्ही 1998 मधल्या. याच मालिकेत 1972 ची "कुफरी लवकर" नावाचीही एक जात आहे, जी पठारी प्रदेशासाठी काढलेली आणि लवकर तयार होणारी आहे. सिमल्याच्या संस्थेच्या यादीत हा आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द वाचून मला उगीचच बरे वाटले.

घरी आल्यावर मी आधी मिठाच्या पाण्याची परीक्षा घेतली. अकरा वाट्या पाण्यात एक वाटी बारीक मीठ पूर्ण विरघळवायचे आणि त्यात धुतलेला बटाटा सोडायचा. ज्या बटाट्यात स्टार्च जास्त तो जड असल्यामुळे बुडतो, आणि ज्यात पाणी जास्त तो तरंगतो. बुडणारा बटाटा शिजल्यावर पिठूळ होतो, भुगा होतो, रस पिऊन घेतो. तरंगणारा चिकण राहतो आणि त्याच्या फोडी धार सोडत नाहीत. मी प्रत्येक ढिगातले दहा-दहा बटाटे बादलीत सोडले. नव्या मंचरमधले आठ तरंगले, वेफरच्या ढिगातले नऊ तळाला जाऊन बसले, आणि आग्र्याचे निम्मे वर, निम्मे खाली. गाळेवाल्यांनी तोंडी सांगितलेले वर्गीकरण बादलीने जवळजवळ जसेच्या तसे मान्य केले. नंतर त्या खाऱ्या पाण्याचा कशालाही उपयोग होत नाही, हे मात्र आधीच मनाशी धरावे.

आपल्या ताटात बटाट्याला दोन्ही बाजूंना जागा आहे. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी यांच्या ओळीत तो कोशिंबीर होऊन बसतो आणि उजवीकडे भाजी होऊन. या दोन जागांची अपेक्षा परस्परविरुद्ध आहे, आणि एकाच बटाट्याने दोन्ही साधण्याचा आपला हट्ट हे निम्म्या फसलेल्या पदार्थांचे कारण आहे, असे माझे आता मत झाले आहे.

कोशिंबीर मी पुन्हा नव्या मंचरची केली. अर्धा किलो बटाटे सालीसकट, थंड मिठाच्या पाण्यात घालून उघड्या पातेल्यात शिजवले. मध्यम आकाराला बावीस-तेवीस मिनिटे लागली. कुकर मी मुद्दाम टाळला, कारण नव्या बटाट्याची साल इतकी पातळ असते की शिट्टी होण्याच्या आतच ती फुटते आणि आत पाणी शिरते. पाण्यात एक चमचा लिंबाचा रस घातला. आंबट पाण्यात बटाट्याच्या पेशींना धरून ठेवणारे पेक्टिन लवकर सुटत नाही, त्यामुळे कडा शाबूत राहतात. चिंच किंवा आमसूल आधी घातले की रस्स्यातला बटाटा शिजता शिजत नाही, अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती खोड इथे उपयोगी पडते. शिजलेले बटाटे सोलून, कोमट असतानाच त्यांच्या पेराएवढ्या फोडी करून त्यांना मीठ चोळले, कारण मीठ गरम बटाट्यातच आत जाते, गार झाल्यावर ते नुसते वर बसते. दही मात्र फोडी पूर्ण गार झाल्यावरच, दीड वाटी, घट्ट फेटून. त्यावर दोन मोठे चमचे दाण्याचे कूट, कोथिंबीर, आणि तूप-जिरे-मिरचीची फोडणी. अर्ध्या तासाने वाढली तेव्हा दह्याला पाणी सुटलेले नव्हते, फोडी चमच्याने तुटत होत्या पण आपसूक फुटत नव्हत्या, आणि साखरेची चिमूट मी या वेळी जाणीवपूर्वक घातली होती, ती चिमटीएवढीच लागली.

उपास नसताना हीच कोशिंबीर फेसलेल्या मोहरीची करावी, असे मी आवर्जून सांगेन, आणि इथे थोडे थांबून सांगते, कारण हा प्रकार घराघरांतून नाहीसा होत चालला आहे. एक चमचा मोहरी आधी कोरडी भरडून, मग त्यात चमचा-चमचा साधे पाणी घालत खलबत्त्यात घोटायची. दोन-तीन मिनिटांत ती फिकट होते, फेस धरते आणि डोळ्यांत पाणी आणणारा झणका नाकात चढतो. मोहरीचा तिखटपणा दाण्यात तयार नसतो. दाणा चिरडून त्याला पाणी लागले की त्यातले एक विकर (एन्झाइम) कामाला लागते आणि मग तो निर्माण होतो. म्हणूनच फेसताना सुरुवातीलाच दही किंवा लिंबू घातले तर आंबटपणाने ते विकर थंडावते आणि मोहरी नुसती कडू लागते. साध्या पाण्यात फेसून दहा मिनिटे झाकून ठेवावी आणि मगच दह्यात कालवावी. नव्या बटाट्याची स्वतःची चव सौम्य असल्यामुळे तो झणका तिथे स्वच्छ उमटतो. शीतगृहातल्या गोड बटाट्यावर तोच झणका विचित्र, औषधासारखा लागला. दोन वाट्यांत दोन्ही करून पाहिले म्हणून इतक्या खात्रीने लिहिते आहे.

याच नव्या बटाट्याचे चाटच्या पद्धतीचे सॅलडही उत्तम होते. गार फोडी, बारीक चिरलेला कांदा, भाजून भरडलेले जिरे, आमचूर, पादेलोण, लाल तिखट आणि लिंबू, एवढेच त्याला लागते. कोलकात्याच्या आलू काबलीत याच पायावर भिजवून शिजवलेले काळे हरभरे आणि चिंचेचे पाणी येते, आणि तो प्रकार एकट्याने डब्यात न्यायला फार सोयीचा आहे. पादेलोण शेवटी घालावे, नाहीतर त्याचा वास उडून नुसता खारटपणा उरतो.

आता काचऱ्या. बटाट्याची पारख करण्यासाठी याहून कठोर परीक्षा माझ्या स्वयंपाकघरात नाही, कारण यात लपायला जागा नसते: कच्चा बटाटा, तेल, मोहरी, हिंग, हळद, तिखट, मीठ आणि लोखंडी कढई. तिन्ही ढिगांतल्या बटाट्यांच्या सालीसकट पातळ अर्धचंद्राकृती काचऱ्या करून मी एकापाठोपाठ एक तीन घाणे केले, आच सारखीच ठेवून. आग्र्याच्या काचऱ्या चौथ्या मिनिटालाच कडेने काळपट तपकिरी झाल्या. एक उचलून चावली तर मध्ये अजून कच्ची कचकचीत होती आणि कडेला जळक्या साखरेची कडवट चव. आच कमी करून झाकण ठेवले तर त्या मऊ पडल्या आणि कढईला चिकटल्या. वेफरच्या काचऱ्यांनी रंग सोनेरी धरला, पण परतताना त्यांचे तुकडे पडत गेले आणि शेवटी कढईत निम्म्या काचऱ्या व निम्मा चुरा होता. तो चुरा खरपूस आणि चविष्ट होता, हे कबूल केले पाहिजे, मुलांनी तर तोच आधी संपवला. नव्या मंचरच्या काचऱ्या आठ-नऊ मिनिटांत सारख्या शिजल्या, अखंड राहिल्या, कडा किंचित कुरकुरीत आणि मध्य मऊ. फक्त त्यांना पाणी जास्त असल्यामुळे सुरुवातीची दोन मिनिटे झाकण न ठेवता परताव्या लागतात, नाहीतर त्या वाफेत उकडतात.

उजव्या बाजूची पिवळी भाजी मात्र वेफरच्या बटाट्याचीच करावी. डोशाबरोबर असो की पुरीबरोबर, या भाजीत बटाटा हाताने मोडल्यावर त्याची खडबडीत ढेकळे झाली पाहिजेत आणि त्या खडबडीत अंगावर फोडणी चिकटली पाहिजे. वेफरचा बटाटा कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत शिजला, सोलताना हाताला पिठासारखा लागला, आणि मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, आले-मिरचीच्या फोडणीत पडताच त्याने तेल पिऊन घेतले. लिंबू खाली उतरवल्यावर. पंगतीतल्या भाजीला असते पण घरी येत नाही, ती दाणेदार, कोरडी आणि तरीही घशाला न बसणारी घडण मला प्रथमच जमली, आणि त्यात माझे कौशल्य फारसे नव्हते. याच बटाट्याचा चोखाही केला: भाजून, सोलून, कुस्करून, वर कच्चे मोहरीचे तेल, लसूण, हिरवी मिरची आणि मीठ, बिहारी पद्धतीने. तोही फार चांगला झाला. नव्या मंचरची पिवळी भाजी मी दुसऱ्या दिवशी करून पाहिली, तर ती गुळगुळीत आणि चिकट झाली, जणू फोडणी वेगळी आणि बटाटा वेगळा. बटाटेवड्यांच्या सारणाचे गाळेवाल्यांनी आधीच सांगितले होते.

मग आग्र्याचा स्वस्त बटाटा कशासाठी घ्यावा? खरे सांगायचे तर नवरात्राच्या दिवसांत घेऊच नये. पण घरात आलाच असेल तर फेकण्याचे कारण नाही. तो फ्रिजमध्ये मात्र ठेवू नये, कारण तिथे शीतगृहातली गोष्टच पुढे चालू राहते. टोपलीत, अंधारात, स्वयंपाकघराच्या साध्या तापमानाला दहा-बारा दिवस ठेवला तर साठलेल्या साखरेतली बरीच साखर बटाटा स्वतःच वापरून टाकतो आणि काही पुन्हा स्टार्चमध्ये जाते. मी उरलेला किलोभर तसाच ठेवला आणि कोजागिरीच्या सुमारास त्याच्या काचऱ्या पुन्हा केल्या: रंग बराच सुधारला होता, गोडी पूर्ण गेली नव्हती. घाई असेल तर काचऱ्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून, निथळून, पुसून मग परताव्यात; वरची साखर बरीचशी पाण्यात जाते. तिखट रस्सा, पावभाजी किंवा आलू पराठ्याचे सारण यांत त्याची गोडी मसाल्याखाली दबते, तिथे तो खपवावा. हिरवी झाक आलेला बटाटा मात्र कोणत्याही ढिगातला असो, चव न पाहता टाकून द्यावा. तो हिरवेपणा उजेडात राहिल्याची खूण असते आणि त्याच्या जोडीने सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढलेले असू शकते.

नवा बटाटा ओळखण्याची एक युक्ती गाळेवाल्यांनी दाखवली, ती त्यांच्या गाळ्यावर न जाणाऱ्यांनाही उपयोगी पडेल. अंगठा बटाट्यावर घासायचा: खऱ्या नव्या बटाट्याची साल कागदासारखी सुटून सरकते. शीतगृहातल्या मालाला माती किंवा काव चोळून तो नवा म्हणून विकण्याचा प्रकार सर्रास चालतो. अशा बटाट्यावर अंगठा घासला तर साल जागची हलत नाही आणि बोट मात्र लाल होते. पुढच्याच आठवड्यात आमच्या दारावर आलेल्या एका हातगाडीवर मी हा प्रयोग केला. बोट लाल झाले. गाडीवाला म्हणाला, "माती आहे ताई, शेतातली." मी बोट पुसले आणि कांदे घेतले.

आता या गाळ्याच्या उणिवा, कारण त्या आहेत. पहिली म्हणजे बटाटा निवडू देत नाहीत. ढिगातून फावड्यासारख्या पत्र्याने उचलून थेट तराजूत टाकतात, आणि हात घातला तर आवाज चढतो. निवडू दिले तर शेवटी ढिगात खराबच उरेल, हे त्यांचे म्हणणे व्यापाराच्या दृष्टीने बरोबर असेल, पण दोन किलोंत दोन खरचटलेले बटाटे आले आणि ते तिसऱ्या दिवशी पाणावले, त्याचा हिशेब कोणी द्यायचा? दुसरी तक्रार मातीची. नव्या बटाट्याला ओली माती इतकी चिकटलेली असते की घरी धुवून, पुसून, काट्यावर ठेवल्यावर दोन किलोंतले जवळजवळ शंभर ग्रॅम कमी भरले. धुतलेला नवा बटाटा लवकर सडतो, म्हणून तो मातीसकटच ठेवायचा असतो, हे मान्य. मग भावात त्याची थोडी सूट द्यायला हवी. मी तसे म्हटल्यावर त्यांनी वर एक बटाटा टाकला आणि विषय संपवला.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वेफरच्या बटाट्यातला एक चिरल्यावर मधोमध काळा आणि पोकळ निघाला. बाहेरून तो धडधाकट, चांगला गुळगुळीत होता. अर्धा चिरलेला तो बटाटा पिशवीत घालून मी दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवला. त्यांनी वाद न घालता दोन बटाटे बदलून दिले, पण "असं होतंच, आत कोण बघतंय" हे वाक्यही ऐकवले. मोठ्या आकाराच्या बटाट्यात हा दोष अधिक आढळतो, म्हणून त्यानंतर मी मुठीत मावेल एवढाच बटाटा मागते, आणि एवढी निवड ते करू देतात.

सोयीच्या बाबी थोडक्यात. मोबाईलवरून पैसे घेतात, घरपोच देत नाहीत, पिशवी स्वतःची न्यावी लागते. सकाळी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल येतो आणि नऊच्या सुमारास ढीग लागतात. अकरानंतर गेले तर वेफरचा ढीग बहुधा संपलेला असतो, कारण आसपासचे दोन वडेवाले तोच उचलतात. नवा बटाटा एका वेळी दोन किलोंहून अधिक घेऊ नये. पातळ सालीमुळे तो आठ-दहा दिवसांपलीकडे टिकत नाही आणि मऊ पडतो. कांद्याच्या टोपलीत तर तो मुळीच टाकू नये.

दिवाळीनंतर मी पुन्हा गेले तेव्हा "नवा मंचर"ची पाटी उतरली होती. खरिपाचा माल संपत आला होता आणि उरलेल्या ढिगावर नुसते "मंचर" लिहिले होते, नवा हा शब्द खडूने खोडलेला होता. मी कोशिंबिरीसाठी मागितला तर गाळेवाले म्हणाले, "आता नको, ताई. संक्रांतीनंतर इंदूरचा नवा येईल, तेव्हा करा." मी पिवळ्या भाजीसाठी वेफरचा एक किलो घेतला आणि कोशिंबिरीसाठी पलीकडच्या गाळ्यावरून काकड्या घेऊन घरी आले.